टीव्हीवर आजीचं नाव

दवाखान्यात आजोबांचं वाढलेलं प्रेशर आत तपासत होते. बाहेर त्यांची बायको, चर्चमध्ये सगळे जिला 'सिस्टर' म्हणत ती ओडेसा, आणि नात टॅमरा यांचं बोलणं समोर बसलेल्या, त्याच चर्चमध्ये गाणाऱ्या व्हर्लीनच्या कानांवर पडत होतं.

"आजी, टीव्हीवर आमच्या शाळेची कोलार्डच्या पाल्याची भाजी दाखवणारेत. तुझ्याकडून शिकले म्हणून सांगू?"

"सांग की! चाळीस वर्षं अख्ख्या चर्चला खिलवतेय."

"पण आम्ही खारवलेलं डुकराचं हाडूक घालत नाही."

"मग खबरदार माझं नाव घेशील तर!"

"खारवलेल्या मटणानं प्रेशर वाढतं असं टीव्हीवर बघितल्यापासून, दोन महिने, तुझी पाठ वळली की पातेल्यातलं हाडूक मी काढून टाकतेय."

"अगं सटवे! पास्टर तर हल्ली दोनदा वाढून घेतात!"

दार उघडलं. आजोबा हसतच बाहेर आले.

"ओडेसा, प्रेशर उतरलं गं!"

सिस्टर ओडेसांनी डोळे मिटून, देवाचे आभार मानत एक हात वर उचलला. मग नातीकडे वळल्या.

"पूर्ण नाव सांग हो. ओडेसा मे प्रुइट."

"आमेन!" व्हर्लीनच्या तोंडून निघून गेलं.