सहा नंबरचा पिंजरा

— आत जाऊ नका, रुखसारताई. नका पाहू.

— सरका, सांडूमामा. हा वास कसला? सहा नंबरमध्ये उंदीर एकच कसा?

— दुसरा खाल्ला त्यानं. शेपटी अन् टकुरं राह्यलं.

— या अल्लाह! (ओढणी तोंडाशी धरते.)

— म्या तर सकाळीच वकलो. या कॉलेजात चौदा वर्सं उंदरं सांभाळून राह्यलो, असं कधी पाह्यलं न्हाई.

— हा बिनमिनरलचा गट. यांच्या खाण्यात मीठ, चुना, लोह, काहीच नाही.

— म्हणूनच ती प्रोटीनची वाटी हुंगतबी न्हाईत. नुसती पिठाची खातेत. मिनरलवाले बराबर दोन्ही खातेत.

— तेच तर माझं संशोधन, मामा. मिनरल तोडले की प्रोटीनही नकोसं होतं.

— मंग यानं मांस कसं खाल्लं?

— हाडांसाठी असेल, रक्तातल्या मिठासाठी असेल. नक्की नाही माहीत. पण जे घडलं ते वहीत लिहायलाच हवं.

— लिव्हलंय, तुमच्या गाईड सरांनी. सकाळी आठला आल्ते. मला म्हणले, नवा उंदीर टाक, कुणाला बोलू नको.

— बघू वही... ‘दोन्ही प्राणी निरोगी.’ शी! कालचंच वजन उतरवलंय. अन् खाली माझं नाव!

— ताई, तुमची पदवी त्यांच्या हातात हाय.

— आहे ना. दोन वर्षं परतूरहून रोज रेल्वेनं येते. पण या पानावर माझं नाव? हात लावायचीसुद्धा किळस येतेय मला.

— आमची शेरडं मीठ न्हाई भेटलं तर भिंत चाटतेत. माझा बाप सोता उपाशी राह्यला असंल, पर त्यांचं मीठ न्हाई चुकवलं. अन् इथं आपुन महिनाभर...

— आपणच. मी पण. आजपासून सगळ्यांना मिनरल द्या. प्रयोग बंद.

— सर इचारतील.

— मी सांगते. प्रयोगांवर नजर ठेवणाऱ्या प्राणी समितीला आत्ताच लिहून कळवते, कुणी काय खाल्लं अन् कुणी काय लिहिलं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सही कराल?

— मी कंत्राटावर हाय, ताई.

— मग राहू द्या, मामा. खरंच. मी एकटी करते.

— न्हाई, तसं न्हाई. कागद इकडं द्या. मला सही कराया जरा टाइम लागतो.