मी दिसलो नाही तर

आई : पुन्हा एकदा म्हण. मघाशी काकांसाठी अक्रोड फोडत होते, नीट ऐकू आलं नाही.

मुलगा : ऐकू आलंय तुला.

आई : आलंय. तरी म्हण. उद्या चौकशीत सगळ्या मोठ्या लोकांसमोर म्हणणार आहेस, आईसमोर आणखी एकदा म्हटलंस तर जीभ झिजणार नाही.

मुलगा : "मागच्या तुकडीचा कप्तान वेळेवर पुढे आला नाही. बावट्याने दिलेली आज्ञा त्याने पाळली नाही. तो आला असता तर लढाई आपली होती." झालं?

काका : बावट्याने आज्ञा दिली होती?

मुलगा : द्यायची होती. बावटा चढवायच्या आतच माझी डोलकाठी कोसळली, दोऱ्यांसकट.

काका : म्हणजे दिली नव्हती.

मुलगा : काका, तुम्ही चौकशी मंडळावर नाही.

काका : नाही रे बाबा. एका हाताच्या म्हाताऱ्याला कोण घेतंय तिथे? मी आपला तुझ्या बाबांचा जुना कप्तान, वहिनींकडे अक्रोड खायला येतो. वहिनी, हा किडका निघाला.

आई : द्या इकडे. भाऊजी, दुसरा घ्या. आणि तू, त्या सगळ्यात घाऱ्याचं नाव कुठे आलं नाही.

मुलगा : चौकशीत नावं घेत नाहीत, हुद्दा सांगतात.

आई : बरं आहे. हुद्द्याला आई नसते. समोरच्या घरात त्याची आई बसली आहे ना, तिलाही हुद्दाच सांगशील? लढाईत गेलेल्यांची नावं धक्क्यावरच्या दगडावर कोरतात, तिथे काय कोरतील?

मुलगा : आज्ञा मोडलेल्याचं नाव कोरत नाहीत.

आई : ठाऊक आहे. म्हणूनच विचारलं.

मुलगा : मग मी काय करू? दोष माझा म्हणू? माझं जहाज जाईल. बाबांनी उभं केलेलं आरमार दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि आई, मी बाबांनी केलं तेच केलं. बोटभरही फरक नाही. त्यांच्या मोठ्या लढाईचा प्रत्येक नकाशा मला तोंडपाठ आहे. शत्रू रांगेत उभा होता, मी रांग मधोमध तोडली. ते जिंकले, मी हरलो. का ते तरी कुणी सांगा.

काका : वहिनी, ती टरफलं झाडू नका. राहू द्या टेबलावर. हे बघ. ही शत्रूची रांग. वारा इकडून. तू मधूनच घुसलास, म्हणजे पुढचं निम्मं आरमार तुटलं. त्यांना वाऱ्याविरुद्ध वळून यायला दुपार जाते. तेवढ्यात मागच्या निम्म्याला सगळ्यांनी मिळून घेरायचं. इथपर्यंत तू झकास केलंस. मी दुर्बिणीतून पाहिलं असतं तर टोपी उडवली असती.

मुलगा : मग?

काका : मग तोफांचा धूर झाला.

मुलगा : धूर बाबांच्या वेळीही झाला होता.

आई : हो तर. धूर आला की बुवा आवाज अगदी खाली आणतात. अरे, प्रार्थनाघरात दर वर्षी तुझ्या बाबांची कथा गाऊन सांगतात ना, ते. चारी बाजूंना धूर, तुझे बाबा एकटे उभे, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि देव वारा फिरवतो. तिथे त्यांचा सूर असा काही चढतो की मी दर वेळी रडते. घरी येऊन भांडी विसळतानासुद्धा रडते. बुवांवर माझा राग नाही, असा गळा देवच देतो. पण भाऊजी, वारा काही फिरला नव्हता ना?

काका : वारा होता तिथेच होता. थोडा पडलाच होता. आणि हात कुठले जोडतायत दादा, ते तर शिडाच्या दोरखंडाला धरून तोफवाल्यांना शिव्या घालत होते. बुवांच्या कथेत माझा हात दोनदा तुटतो, वहिनी. एकदा डावा, एकदा उजवा. मी कधी तक्रार केली नाही. लोक वळून बघतात, बरं वाटतं.

मुलगा : ही कथा ऐकतच मी मोठा झालो.

आई : तेच तर. दर वर्षी पुढच्या रांगेत बसवून ऐकवली. बाप समुद्रावर, मग मला वाटायचं निदान कथेत तरी दिसू दे पोराला. एकटा उभा असलेला बाप. घरी आल्यावर तुला सांगायला हवं होतं की ते एकटे कधीच नव्हते. नाही सांगितलं. इतकं सुंदर गायलेलं मोडावं कशाला, म्हटलं.

काका : मीही नाही सांगितलं. माझा तर त्यात दोन हातांचा फायदा होता.

मुलगा : काय सांगायचं होतं?

काका : जेवणाचं.

मुलगा : ते मला माहीत आहे. लढाईआधी बाबा सगळ्या कप्तानांना आपल्या जहाजावर जेवायला बोलवायचे. मीही बोलावलं होतं. चांदीची भांडी काढली होती.

काका : दादांकडे चांदीची नव्हती. सांगतो ऐक. आम्ही होड्यांतून जायचो. ताटं उचलून होईपर्यंत लढाईचा शब्द नाही. कुणाच्या घरी काय, कुणाचा दात दुखतोय, कुणाचं खलाशांशी बिनसलंय, हेच चालायचं. मग दादा टेबलावर अशीच टरफलं मांडायचे आणि म्हणायचे, हा माझा बेत, यात मी कुठे मरतो ते दाखवा. आणि सगळ्यात धाकट्या कप्तानाने आधी बोलायचं. मोठे आधी बोलले की धाकटे नुसत्या माना डोलावतात, म्हणून. पहिल्या खेपेला धाकटा मीच होतो. तरी म्हणालो, दादा, हा बेत मूर्खपणाचा आहे, मागचं जहाज उघडं पडतं.

मुलगा : मग?

काका : मग त्यांनी टरफल उचलून माझ्या हातात दिलं. कुठे ठेवू, विचारलं. मी ठेवलं तिथेच ते राहिलं, लढाईतसुद्धा. आणि उठण्याआधी एकेकाकडे वळून एकच प्रश्न. मी दिसलो नाही, तर काय कराल?

आई : हा प्रश्न ते घरीही विचारायचे. बाजारात निघालो तरी.

काका : तिथे मात्र सुटका नाही. "आपल्या आज्ञेची वाट बघेन" म्हणालं की पुन्हा बसवायचे, पुन्हा टरफलं. प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं, धूर झाला, बावटा दिसेना, दादा मेले, तर मी काय करेन. आणि बाकीच्यांनी ते ऐकायचं. त्यामुळे कोण कुठे असेल ते सगळ्यांनाच ठाऊक. मोठ्या लढाईत दादांचे बावटे फडकत होते, नाही असं नाही. आम्ही वर मान करून पाहिलंच नाही. माझा हात गेला, मला खाली नेलं, तर माझ्या दुय्यमाने तेच केलं जे मी केलं असतं, कारण मी माझ्या टेबलावर त्याला तोच प्रश्न विचारला होता. एवढंच आहे सगळं. यात गाण्यासारखं काही नाही, म्हणून बुवा बिचारे वारा फिरवतात.

मुलगा : मी नकाशा लावला होता. सगळा बेत समजावून सांगितला, एकही गोष्ट सोडली नाही. मग विचारलं, कुणाला काही शंका? कुणी बोललं नाही.

काका : कुणीच नाही?

मुलगा : नाही म्हटलं ना.

आई : अक्रोड घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.

मुलगा : नको.

आई : बरं.

मुलगा : घाऱ्याने हात वर केला होता.

काका : काय म्हणाला?

मुलगा : म्हणाला, धुरात तुझा बावटा दिसला नाही तर मी कोणत्या बाजूने येऊ? सगळ्यांसमोर. मला वाटलं, लहानपणापासूनचा मित्र म्हणून जरा जास्तच सलगी करतोय. उशीर झाला होता. बाकीचे माझ्याकडे बघत होते.

काका : आणि तू?

मुलगा : म्हणालो, तू बावट्यावरून नजर काढू नकोस म्हणजे झालं. सगळे हसले. तोही हसला.

आई : लढाईत तो कुठे होता?

मुलगा : धुराच्या कडेला. तीन जहाजं घेऊन. शिडं अर्धी उतरवून थांबला होता. वाचलेले खलाशी सांगतात, कप्तान सारखा दुर्बीण डोळ्याला लावून माझ्याच जहाजाच्या दिशेने बघत होता. दुय्यम म्हणाला, चला घुसू. हा म्हणाला, थांब, दिसेल आता. शेवटी राहवेना तेव्हा घुसला, तर शत्रूचं पुढचं आरमार वळून आलेलं होतं. थेट त्याच्यावरच.

काका : त्याने आज्ञा मोडली नाही, पोरा.

मुलगा : कळतंय मला.

काका : तू दिलेली तेवढी एकच आज्ञा होती. ती त्याने पाळली.

मुलगा : कळतंय म्हटलं ना, काका.

आई : ओरडू नकोस त्यांच्यावर. तुला हे टेबल आठवतं? म्हणजे, तू आणि घाऱ्या याच्याखाली बसून अक्रोड खायचात ते?

मुलगा : थोडंफार.

आई : बाबा सुट्टीवर आले होते. दोघांना कान धरून वर घेतलं, टरफलं मांडली, आणि हाच प्रश्न. मी दिसलो नाही, तर काय कराल? तू खुर्चीवर उभा राहिलास. म्हणालास, मी एकटा जाईन आणि सगळ्यांना बुडवीन. बाबा पोट धरून हसले, तुला खांद्यावर घेतलं. मग घाऱ्याकडे वळले. तो फार वेळ विचार करत होता. नाकातून शेंबूड गळतोय, आणि विचार करतोय. आणि म्हणाला—

मुलगा : "मी निघायच्या आधीच विचारून ठेवीन."

आई : आठवतं तर.

मुलगा : बाबा हसले नाहीत त्यावर. आपले सगळे अक्रोड त्याच्या पुढ्यात सरकवले.

आई : आणि तू रुसलास. जेवला नाहीस. निजताना बाबा मला म्हणाले, हा पोरगा ज्याच्या पाठीशी असेल तो हरायचा नाही. मी ते कुणालाच सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून. आपल्याच पोराचं मन राखत बसले.

काका : वहिनी, पुरे.

आई : पुरेच. देवापुढे रोज बसते मी, इतकी वर्षं. मागायचंच मागत आले. आता वाटतं, तोही विचारत असेल काहीतरी, मीच बोलण्याच्या भरात होते.

मुलगा : "मागच्या तुकडीचा कप्तान—"

आई : काय?

मुलगा : म्हणून बघतोय. "मागच्या तुकडीचा कप्तान घाऱ्या..." नाही, त्याचं खरं नाव घेईन तिथे. "त्याने मला आदल्या दिवशी विचारलं होतं, बावटा दिसला नाही तर काय करू. मी उत्तर दिलं नाही. बावट्याकडे बघत राहा म्हणालो. तो बघत राहिला."

काका : जहाज जाईल तुझं.

मुलगा : हो.

आई : आता नीट ऐकू आलं.

(समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज.)

काका : उठली वाटतं ती.

आई : झोपते कुठली. दिवसभर तिथेच बसते, धक्क्याकडे तोंड करून. तू आल्यापासून दोनदा इकडे पाहिलं तिने. मी पडदा ओढून घेतला.

मुलगा : उद्या चौकशी झाली की जाईन तिच्याकडे.

आई : उद्या नाही. मंडळाला कळायच्या आधी तिला कळू दे. आत्ता जा.

मुलगा : जाऊन काय बोलू, आई?

आई : तू नको बोलूस आधी. तिला बोलू दे.