चर्चमधली तिसरी घंटा

आमच्या नाटकाला आयुष्यात एकदाच गर्दी झाली, आणि तीही बंगळुरात, चर्चमध्ये! हॉल मिळेना, म्हणून फादरनी त्यांचं जुनं चर्च आम्हाला दिलं होतं. प्रेक्षक म्हणजे आमच्याच बायका आणि पहिल्या बाकावर फादर. सुरू करायच्या वेळी कळलं, घंटा जे. पी. नगरला घरीच राहिली.

आमचा दिग्दर्शक शिरीष अडून बसला. "तिसऱ्या घंटेशिवाय नाटक होणार नाही."

मी म्हटलं, "मोबाईलवर वाजव ना."

"नाटक आहे हे, अलार्म नाही!" म्हणत हा तडक मनोऱ्यात गेला आणि चर्चच्या घंटेचा दोर ओढला की!

भलत्या वेळी घंटा ऐकून सगळी गल्ली धावत आली. एक अक्का तर रडतच आत शिरली, "फादर गेले?"

फादर उठून म्हणाले, "आहे मी अजून. आलाच आहात तर बसा."

धावत आलेल्यांपैकी मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण शेवटपर्यंत सगळे खळखळून हसले.

निघताना शिरीष माफी मागायला गेला. फादर म्हणाले, "माफी राहू दे. रविवारी सकाळी येऊन माझ्यासाठी वाजव. माझ्या घंटेला एवढे लोक येत नाहीत."