वाऱ्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या सावंताचा इकडे आखातातला, खोरफक्कानच्या किनाऱ्यावरचा प्रताप सांगितला का तुम्हाला? आमच्या क्लबची गळाने मासे धरायची स्पर्धा होती आणि वारा असा, की टाकलेला गळ परत आपल्याच अंगावर. सकाळपासून कुणालाच मासा नाही. सावंत मालवणचा, त्याला हे सहन होईना. शेवटी रॉड काखेत मारून त्याने हात जोडले आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो वारो गप कर रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याला साथीदारांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. शेजारी मी एकटा, तोही पुण्याचा. माझ्या तोंडून ते निघेचना. सावंत आपला हात जोडून थांबलेला.

तेवढ्यात लांबून वाऱ्यावर उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

तोवर आम्हाला अनोळखी असलेला एक स्पर्धक, अल क्वोज या कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजचा फोरमन, आपली जागा सोडून पळत येत होता. मागून पंच ओरडले, "अरे भाई, मछली आपका रॉड लेके गयी!"

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सावंताने विचारलं, "खंयचे तुमी?"

"ता मागीर सांगतंय," तो धापा टाकत म्हणाला. "आधी परत एकदा गाऱ्हाणा घाल रे!"