हिरव्याखालचा लाल

नीट आठवतंय का, देव जाणे, पण वास नेलपॉलिश काढायच्या औषधाचाच होता, आणि ते खूळ माझ्या डोक्यात भरवलं त्या मर्लने… तुम्हाला सांगतो, आमच्या या अमेरिकेतल्या शेबॉयगन गावात जुन्या सायकली जमवणाऱ्या माणसाशी मैत्री करू नका! व्हर्नाची, म्हणजे आमच्या हिची, लहानपणची सायकल हिरवीगार, गॅरेजमध्ये सुखाने टांगलेली. मर्लने ती पाहिली आणि मयताला आल्यासारखी टोपी काढली. म्हणाला, हा कुणीतरी ब्रशने फासलेला रंग आहे, याच्याखाली कारखान्याचा मूळ रंग गुदमरतोय, तेवढा मोकळा करायचा. "पण प्रोफेसर, हळू घासा."

आता जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलेला मी, थर म्हटल्यावर राहवतंय का? हिच्या वाढदिवसाला सायकल मूळ रंगात द्यायची! ही भाजलेल्या कॅसरोलचं भांडं घेऊन चर्चच्या जेवणाला गेली, मी गॅरेजमध्ये. चिंधी त्या औषधात भिजव, पूस, थांब… जोर लावावा तर खालचाही रंग जाणार, न लावावा तर हिरवा हलत नाही, आणि कानात मर्ल: हळू घासा.

आणि दिसला की हो! लाल, त्यावर सायीच्या रंगाची बारीक रेघ… आणि ओरखडे. मी चष्मा पुसून पाहिलं. ओरखडे हिरव्याच्या खाली! म्हणजे हिरवा लागण्याआधीच ही सायकल कुणीतरी भरपूर आपटलेली. म्हणजे जुनीच! अहो, पाच भावंडांत हिला बहिणींचे कोट, बहिणींचे बूट, कोरी वस्तू एकच, नाताळला बाबांनी दुकानातून आणलेली ही सायकल! दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना सांगते. आणि मी सासऱ्यांना, गेलेल्या माणसाला, चिंधीने उघडं पाडलं?

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मी सायकल गर्रकन फिरवली, लाल डाग भिंतीकडे. ही दारात.

"कसला वास?"

ग्रीस काढतोय, म्हटलं. आवाज माझाच होता का, शंका आहे.

"बाबांनी दिलेली आहे," ती म्हणाली. "हळू घास."

दुसऱ्या दिवशी हिरवा रंग आणून डाग बुजवला. मूळ रंगावर ब्रश फिरवला म्हणून मर्ल माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. वाढदिवसाला हिला मोजे दिले.

पुढे काही वर्षांनी मॅनिटोवॉकला सासऱ्यांचं जुनं घर बघायला गेलो. कुलूप होतं. अंगणातल्या पायऱ्यांचा कठडा आता पांढरा… नख लावलं, काय करणार, सवय! पापुद्रा निघाला. खाली हिरवा. तोच.

"हळू," ही मागून म्हणाली. "तोच आहे. कठड्याचा रंग उरला होता, तोच बाबांनी सायकलला लावला. मला त्याच नाताळला कळलं, हँडलला ब्रशचा केस चिकटला होता."

"मग तू दरवर्षी सांगतेस ते?"

"बाबा समोर बसून ऐकायचे ना. मग सवय लागली." गाडीकडे वळताना म्हणाली, "आणि भिंतीकडचा तुझा हिरवा जुळत नाही."

घरी येऊन पाहिलं, भर उजेडात. नाहीच जुळत.