डावी बाजू गेलेली आहे!

...नाही, पण मी म्हणतो, हेडफोनला दिवे कशाला हवेत? सांगा ना! डोक्यावर घालायची वस्तू, दिवे कानांच्या बाहेरून, लाल, हिरवे, जांभळे, गरागरा फिरताहेत... मला दिसणार आहेत का ते? मग बघणार कोण? बायको! ती म्हणते, "अहो, तुमचं डोकं चमकतंय." आणि एवढा झगमगाट करून मूळ काम काय, तर आवाज. तो आहे का? उजवीकडे आहे. डावीकडे? बोंब! नवा कोरा डबा, माझ्या हाताने सील फोडलेलं, आणि डावी बाजू गेलेली आहे!

बरं, मी काही आवाजातलं न कळणारा माणूस नाही. तुम्हाला सांगतो, कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीन मेकॅनिक आहे मी. एका हॉलमध्ये दोनशे दहा शिलाई मशिनं, सगळी एकदम चालू. मशीन बिघडलं की बाकीचे मेकॅनिक आधी ते उघडतात. मी आधी ऐकतो. उजवा हात चाकावर, स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला आणि डोळे बंद. बॉबिन सैल झालंय, दात झिजलेत की पट्टा घासतोय, ते न उघडता सांगणार. सुपरवायझर मला नावाने हाक मारतच नाही, 'कान' म्हणतो. "कानाला बोलवा रे, चाळीस नंबर कुरकुरतंय!" अशा माणसाच्या गळ्यात खराब माल मारता? माझ्या? तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार!

आता तुमच्या मनात आलंच असेल, या वयात यांना हेडफोन कशाला? खेळायला! हसा, हसा. कॉम्प्युटरवर बंदुका घेऊन पळतो मी, संध्याकाळी सात ते आठ. का ते ऐका. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. फोन यायचा रोज. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "ठीक." "आईला द्या." संपलं! जिला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतले, तिचं माझं बोलणं चार वाक्यांत खलास. मग एकदा सुट्टीत आली आणि मला खुर्चीत बसवून म्हणाली, "बाबा, हे बटण दाबलं की पळायचं, हे दाबलं की गोळी." तेव्हापासून रोज एक तास आम्ही खेळतो आणि बोलतो. काय बोलते हो पोरगी! साहेब कसा खडूस आहे, घरमालकीण गरम पाण्यावरून कशी भांडते, स्वयंपाक कसा करपला... समोरून गोळ्या सुटताहेत आणि ही मला विचारतेय, "बाबा, करपलेलं पातेलं कशाने निघतं?" तो तास म्हणजे माझी दिवसभराची कमाई आहे. तो गेला की मी परत 'आईला द्या'वर.

आणि तोच जायची वेळ आली. कशामुळे? या हेडफोनमुळे!

आमची चौघांची टीम. मुलगी कप्तान, तिच्या ऑफिसातला एक दाढीवाला, एक चष्मेवाली आणि मी. हा खेळ कानाने खेळायचा असतो. पावलं वाजतात, ती कुठून वाजली ते कळलं की तुम्ही जगलात. आणि माझा काळ कुठून येणार? डावीकडून. दर वेळेला डावीकडून! दाढीवाला किंचाळतोय, "काका, लेफ्ट! काका, लेफ्ट! काकाऽऽ..." मेले काका. वर ही आमची कप्तान. खेळाचा पहिला नियम काय, तर पांगून चालायचं, नाहीतर एका बॉम्बमध्ये सगळे साफ. आणि ही सतत माझ्या डाव्या खांद्याला चिकटून! मी ओरडायचो, "अगं, पांग ना! कप्तान तू आहेस की मी?" ती आपली, "असू दे हो, बाबा." अशाने काय जिंकणार?

तर ऑफिसची स्पर्धा जाहीर झाली. घरचं एक माणूस टीममध्ये चालेल, असा नियम. आणि एका संध्याकाळी दाढीवाल्याला वाटलं की मी पाणी प्यायला उठलोय. माझ्या उजव्या कानात स्पष्ट आवाज, "स्पर्धेपुरतं काकांच्या जागी दुसरं कोणी बघू या का? वाईट वाटतं, पण..." मुलगी म्हणाली, "त्यांचा हेडफोन खराब आहे. ते बदलताहेत." बास! पोरीने माझ्यासाठी शब्द टाकला. आता हेडफोन मिळवणं भाग होतं, बरोबर की नाही?

गेलो दुकानात. काचेचं दुकान, आत गारेगार, टाय लावलेला विक्रेता. "या सर! गेमिंग की म्युझिक?" म्हटलं, दोन्ही. त्याचा चेहरा असा पडला की जणू मी एका चपलेत दोन पाय मागितले. "सर, दोन्ही म्हणजे कसंय... गेमिंगला पोझिशन लागते, म्युझिकला सोल, म्हणजे आत्मा लागतो." म्हटलं, बाबा रे, मला फक्त डावीकडचं ऐकू यायला लागतं, हा परत घे, डावी बाजू गेलेली आहे! त्याने घातला, डोळे मिटले, मान हलवली. "सर, दोन्ही बाजू सेम आहेत." सेम? मी खिशातून फोन काढला. मी काय गाणी लावून हेडफोन तपासणार? गाण्यात कोणी कुठे काय वाजवलंय कोण जाणे. मी आमच्या चाळीस नंबरचं रेकॉर्डिंग नेलं होतं. माझ्या हाताने लावलेलं मशीन, रिकामं चालवलेलं, टकटकटकटक... एक ठोका इकडचा तिकडे नाही! म्हटलं, हे ऐक आणि सांग. दुकानात चार गिऱ्हाइकं थांबली, टायवाला शिलाई मशीन ऐकतोय. "सर, हे काय आहे?" "ते सोड! दोन्हीकडे सारखं आहे का?" "सारखं आहे, सर." आणि मी, तुम्हाला सांगतो, मी भर दुकानात त्याला म्हणालो, "आधी स्वतःचे कान तपासून घे!" म्हणालो. हो. लक्षात ठेवा हे वाक्य. मीही विसरू शकत नाही.

बदलून दिला त्याने. दुसरा घरी आणला, डावी बाजू गेलेली! तिसरा आणला, त्याला दिवे नव्हते म्हणून जरा आशा होती, डावी बाजू गेलेली! मग आमच्या मेहुण्याला सुगावा लागला. तुमच्याकडे आहे का असा एखादा? ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं? तो आला, लाकडी हेडफोन घेऊन, बरोबर आवाज वाढवणारा विटेएवढा एक डबा. "भाऊजी, तुम्ही प्लॅस्टिक ऐकत होतात. आता लाकूड ऐका." लाकूड ऐका! "आणि लगेच घालू नका हं. शंभर तास चालू ठेवायचा, मग त्याचा आवाज उघडतो. नवीन मशीन तुम्ही नाही का रिकामं चालवत?" इथे मी फसलो बघा. माझ्या धंद्याचा दाखला दिला ना! चार दिवस, चार रात्री तो हेडफोन कपाटात गात होता. बायको साडी काढायला गेली की कपाटातून आलाप. पाचव्या दिवशी मी तो घातला. माझ्या आवडीचं जुनं गाणं आहे एक, त्यात बासरी डावीकडून येते, हळूच, दुसऱ्या कडव्याच्या आधी. लावलं. गाणारी आली, तबला आला, बासरीचा पत्ता नाही. शंभर तास गाऊन त्या लाकडाने बासरी खाल्ली! मी म्हटलं, "मेहुणे, डावी बाजू गेलेली आहे!" तो म्हणाला, "भाऊजी, तुमचे कान अजून तयार नाहीत." माझे कान! ज्यांच्यावर कारखाना चालतो ते!

संताप संताप झाला. झोपेत डाव्या बाजूला शाप देत होतो म्हणे. स्पर्धेला दहा दिवस.

आणि त्यात कारखान्यात ती सरकारी तपासणी आली. दरवर्षी येते. हॉलमध्ये काम करणाऱ्यांचे कान तपासतात. मी दरवर्षी चुकवतो. बाकीच्यांचं करा, 'काना'चे कान काय तपासता? पण या वर्षी मॅनेजर अडून बसला, सही पाहिजे म्हणून. गेलो. एवढीशी काचेची खोली, आत स्टूल. नर्सबाईंनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. जुनाट, करडा, कुशनला चिकटपट्टी, ना दिवे ना लाकूड. "काका, आवाज आला की बटण दाबा." उजवीकडे पीऽप... दाबलं. पीऽप... दाबलं. मस्त! मग शांतता. मी बसलोय. बाई काचेतून बघताहेत, मी बाईंकडे बघतोय. बराच वेळ. शेवटी मी काचेवर टकटक केली. "अहो बाई, सरकारी काय, खाजगी काय, सगळीकडे तोच माल आहे! हा पण खराब! डावी बाजू गेलेली आहे!"

बाई दार उघडून आत आल्या, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला, आणि परत घातला. डावी बाजू उजव्या कानावर.

पीऽप.

खणखणीत हो.

आता मी तुम्हाला सांगतो मला राग कशाचा आला. बाईंचा नाही. एकतीस वर्षांत जो जो मेकॅनिक माझ्या हाताखालून गेला, त्याला मी पहिल्या दिवशी एकच धडा दिलाय: दोष कुठे आहे कळत नाही? अदलाबदल कर! या मशीनचा भाग त्याला लाव, त्याचा याला. दोष भागाबरोबर गेला तर भाग खराब. दोष जागेवरच राहिला तर मशीन खराब. साधी गोष्ट. आणि दोन महिने, चार हेडफोन, एक टायवाला, एक मेहुणा... मी एकदाही हेडफोन उलटा करून घातला नाही. एकदाही! विसरलो? मी? छे. हात तिथपर्यंत जायचा आणि मी काहीतरी दुसरं काम काढायचो. कारण 'कान' म्हणतात हो मला तिथे. कान गेला तर उरलं काय?

घरी आलो. बायकोला म्हटलं, "माझा डावा कान गेलाय." ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माहिती आहे." माहिती आहे? "मग मी सहा वर्षं जेवायला तुमच्या उजवीकडे कशाला बसते? रस्त्यावर उजवीकडून का चालते?" मला वाटायचं, तिला डावीकडे पंख्याचा वारा सोसत नाही! मी म्हटलं, "सांगायचं नाही?" "सांगितलं होतं," म्हणाली, "डावीकडून."

सात वाजता मुलीला म्हटलं, "मी टीम सोडतो. हेडफोन चांगला आहे, मीच खराब आहे." ती म्हणाली, "बाबा, मी वर्षभर तुमच्या डावीकडे उगाच उभी राहते का?"

मी तिला रोज ओरडायचो हो. पांग, पांग म्हणून. भयंकर राग आला. सगळ्या घराला माहिती! सगळ्यांनी आपापल्या जागा वाटून घेतलेल्या, मेहुणासुद्धा म्हणे मुद्दाम उजवीकडून बोलायचा, आणि मी दुकानं पालथी घालतोय!

तर कानाचं मशीन घेतलं. घेवड्याच्या दाण्याएवढं. डॉक्टर म्हणाले, "रंग कोणता?" म्हटलं, दिवे नकोत, बाकी काहीही द्या. त्यावर मावेल असा मोठा हेडफोन लागणार होता. म्हणजे कुठला? पहिला! दिवेवाला! गेलो परत त्या काचेच्या दुकानात, मान खाली घालून. टायवाल्याने डबा काढला, जरा घाबरतच विचारलं, "सर... डावी बाजू?" म्हटलं, "डावी बाजू मी घरून आणलीय."

स्पर्धेचा दिवस. मुलीने दाढीवाल्याला ठणकावून सांगितलं, बाबा खेळणार. शेवटचा डाव. आम्ही चौघं जिवंत, समोरचा एकच उरलाय. एका पडक्या गोदामात मी दबा धरून बसलोय, दाढीवाला श्वास रोखून आहे... आणि मला पावलं ऐकू आली. डावीकडून! स्पष्ट! खस, खस, खस... वर्षभरात पहिल्यांदा! काय विचार करणार हो माणूस? गर्रकन वळलो आणि सगळी बंदूक रिकामी केली.

मुलगी होती.

आमच्या खेळात आपल्याही माणसाला गोळी लागते. माझ्या डावीकडे दुसरं कोण असणार? कप्तान आडवी, माझी बंदूक रिकामी, आणि त्या एकट्या शत्रूने येऊन उरलेल्या तिघांना निवांतपणे उडवलं. हरलो. दाढीवाला बोंबलतोय, "काकाऽऽ, काय केलंत हे!" आणि त्या सगळ्या गोंगाटात, मेलेली माझी मुलगी आनंदाने किंचाळतेय, "आई! आई गं! बाबांना डावीकडून ऐकू आलं!"

मला टीमबाहेर काढलंय. म्हणजे राखीव. पण सात ते आठ आम्ही दोघंच खेळतो, आणि ती आता पांगून चालते. बासरीही परत आली. बायको हौसेने डावीकडे बसायला लागली, सहा वर्षांचं राहिलेलं सगळं तिथून सांगते. आता तक्रार करू नये माणसाने, कळतंय मला. पण तुम्हाला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नका... डावीकडे हे एवढं चांगलं झाल्यापासून, ही उजवी बाजू जरा कमी वाटते हो.