हुकाखालचा नारळ

ही बाई तर बोलतच न्हाय, मग सायबाचं इंग्रजी आमाला सांगणार कोण, भिंत? दत्तूमामा शेडच्या दारात बोलले, हळू बोलल्यासारखं, पण कोल्हापुरातलं हळू म्हणजे गेटपर्यंत ऐकू जातं. मी फळ्याजवळ उभी होते. ट्रेनिंगचे साहेब मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, त्यांना वाटलं आपलं स्वागत चाललंय, ते हसले, मग मीही थोडं हसले.

तर हे साहेब आले होते क्रेनवरच्या सुपरवायझर लोकांना शिकवायला, वजन कसं उचलायचं, कोणी कुठं उभं राहायचं, आणि ऑफिसात धड इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून मालकांनी मला टाइपरायटरवरून उठवून तिथं उभं केलं.

इंग्रजी कुठून आलं ते सांगते. आमचं मूळ कोडोलीचं. वडील शेती भावांवर सोडून इथं आले, साखर कारखान्यांना लागणारी मोठमोठी लोखंडी चाकं ओतायचं काम इथं चालतं, आणि होता होता ते क्रेनचे मुकादम झाले. क्रेनवर एक पितळी पाटी होती, इंग्रजीत. घरात एकाला तरी ती वाचता आली पायजे की, असं म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पुढं मी ती वाचली. बनवणाऱ्याचं नाव आणि किती टन उचलते, एवढंच होतं. वडील म्हणाले, एवढंच व्हय? तरी त्यांनी दोन-चार जणांना क्रेनखाली बोलावून माझ्याकडून ती पुन्हा वाचून घेतली. शाळेत मराठी बोलायचं नाही आणि घरी इंग्रजी कोणाला कळायचं नाही, त्यात मी कमी बोलायला लागले ते तसंच राहिलं.

वडील गेले ते याच शेडमध्ये. आमच्याकडं डावं-उजवं कोणी म्हणत नाही, क्रेन पन्हाळ्याकडं घे, कागलकडं सोड, असंच ओरडतात, आणि ज्याला दिसेल तो ओरडतो. चाक उचललं होतं, ते गिरकी घेत होतं म्हणून वडील खाली जाऊन हातानं सरळ करत होते, एकजण म्हणाला पन्हाळ्याकडं, दुसरा म्हणाला कागलकडं, तिसरा म्हणाला खाली सोड, वर क्रेनवाल्या बापूनं कोणाचं ऐकायचं? हिसका बसला, साखळी निसटली. मी घरी इस्त्री करत होते. सांगायला आलेल्या माणसाला मी आधी पाणी दिलं, मग इस्त्री बंद केली. रड गं, रड, असं बायका म्हणत होत्या. मला काही होत नव्हतं, काय सांगू तुम्हाला, अजूनही मनाच्या त्या बाजूला हात लावला तर काही लागत नाही.

दत्तूमामा वडिलांचे जोडीदार. त्यांनी मालकांकडं भांडून मला ऑफिसात लावलं, आणि वडिलांच्या जागी मुकादम तेच झाले. आईला अजून गावाकडची भाजी आणून देतात आणि उंबऱ्यावरूनच ओरडतात, वैनी, पिशवी रिकामी करून द्या, घाई हाय.

साहेब चांगलं शिकवत होते. इशारा एकानंच करायचा, असं ते म्हणाले, मी मराठीत सांगितलं. एकजण ओरडला, मोठ्यानं बोला बाई, मागं काय ऐकू येत न्हाय. लटकत्या वजनाखाली कोणी जायचं नाही, तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, इथं कधी अपघात झालाय का? एकजण नवा होता, त्याला माहीत नव्हतं मी कोणाची ती, त्यानं ऐकलेलं सगळं सांगितलं, आणि मी ते वाक्यावाक्यानं इंग्रजीत केलं. चाक गिरकी घेत होतं. एक कामगार खाली होता. दत्तूमामा म्हणाले, राहू दे पोरी, पुरे. पण साहेब थांबले होते, म्हणून मी शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, माणसाची चूक. कुठल्या माणसाची ते त्यांनी लिहिलं नव्हतं. कोणी मान वर केली नाही.

शेवटी साहेब म्हणाले, चालवायचा इशारा एकाचा, पण थांबवायचा इशारा कोणीही करू शकतो, चहावालासुद्धा, आणि क्रेन थांबलीच पाहिजे. दत्तूमामांनी वातावरण हलकं करायला विचारलं, म्हंजे उद्या ही टायपिस्ट बाई थांब म्हणाली तर मुकादमानं थांबायचं व्हय? सगळे हसले. मी प्रश्न इंग्रजीत केला. साहेब हसले नाहीत. त्यांचं उत्तर मी मराठीत सांगितलं, होय.

साहेब गेले आणि लगेच खंडेनवमी आली. आमच्या शेडची एक रीत आहे. क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ घालतात, नवं ओतलेलं चाक उचलतात, आणि मुकादम त्या चाकाखाली जाऊन नारळ फोडतो, म्हणजे वर्षभर वजन डोक्यावरून सुखरूप जातं. वडील फोडायचे, गुलाल लावून घरी यायचे. ते गेले त्या वर्षी क्रेन बंद ठेवली होती. साहेब आले त्या वर्षी मालकांच्या घरची माणसं खुर्च्यांवर बसलेली, हलगी वाजत होती, आणि ट्रेनिंगमध्ये माना डोलावलेले सगळेजण चाकाभोवती उभे राहून ओरडत होते, पन्हाळ्याकडं घे, आजून, आजून, आता कागलकडं. मी मागं बायकांत पेढ्यांचं ताट धरून होते.

चाक वर गेलं आणि हळूहळू गिरकी घ्यायला लागलं. दत्तूमामा नवा फेटा बांधून, नारळ घेऊन खाली गेले. वर बघितलं, आणि एक हात वर करून ते सरळ करायला लागले. हलगी थांबली. मी ताट खाली ठेवलं आणि थांबवायचा इशारा शिकवला होता तसा हात आडवा केला. बापूचं लक्ष हुकाकडं. कोणाचंच माझ्याकडं नव्हतं.

क्रेन थांबली. आता नारळ शेडच्या दारात फोडतात. दत्तूमामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, भाजी मात्र आणत होते. काहीजण अजून म्हणतात, चाक पडणार नव्हतंच, बाईनं रीत मोडली. असेलही. मामा धडधाकट आहेत, आईवर उंबऱ्यातून ओरडतात, असंच ओरडत राहोत. तुम्ही विचारलंत की मी एवढ्या माणसांत बोलले तरी काय. फार नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही, पत्र्याला लागून परत आला, तेव्हा कळलं की आपणच ओरडलो:

बापू, थांबव! खाली माणूस आहे!